ओळीच्या टोकाचा शब्द

रुग्णालयाच्या आस्थापना विभागात त्यांचे खरे नाव फक्त पगारपत्रकात उरले होते. समोर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे नन्नाबाई. हे नाव कोणी ठेवले ते कोणाला आठवत नव्हते, पण का ठेवले ते सर्वांना ठाऊक होते. नोकरी सोडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा वर्तणूक अहवाल बाई तयार करत, आणि त्या अहवालातले प्रत्येक वाक्य 'नाही'वर येऊन थांबे. कामात कसूर केली नाही. वरिष्ठांचा अवमान केला नाही. सहकाऱ्यांशी भांडण केले नाही. दुपारच्या चहाला हिशेब विभागातला एखादा म्हणायचा, "बाई, आमचा अहवाल लिहाल तेव्हा एक तरी 'आहे' घाला."

"घालीन की," बाई म्हणत. "'अजून इथंच चिकटून आहे' असं लिहीन."

लोक हसत. बाई हसत नसत, कारण हा विषय त्यांच्या लेखी थट्टेचा नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी स्तुतीने ओथंबलेले अहवाल पाहिले होते, आणि ते कोणाच्या वाट्याला येतात तेही पाहिले होते. ज्याचा मामा विश्वस्त, तो 'अत्यंत कर्तव्यदक्ष'. ज्याचे कोणी नाही, त्याच्या कपाळी 'समाधानकारक'. पुढे हे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी विशेषणांचा धंदाच बंद केला. एखाद्याला चांगले म्हणणे हे मत झाले, त्याच्याविरुद्ध काही न आढळणे ही नोंद झाली, आणि कार्यालयाने नोंदीपलीकडे बोलू नये, असे त्या मानत. डॉक्टरच्या भाच्याला आणि संडास साफ करणाऱ्याला त्यांच्या अहवालात सारखीच वाक्ये मिळत. या समानतेचा त्यांना अभिमान होता आणि तो पूर्णपणे अनाठायी म्हणता येणार नाही.

दुसरा अभिमान कारागिरीचा होता. अहवालाचा तक्ता एका पानात बसला पाहिजे असा जुना नियम होता. म्हणून संगणकाचे प्रशिक्षण घेऊन आल्यावर बाईंनी तक्त्याच्या प्रत्येक ओळीची उंची ठरवून कायमची बांधून टाकली. एका ओळीत एक वाक्य. ओळ फुगणार नाही, पान सांडणार नाही. रुग्णालयात नवे संगणक आणि त्यांच्यावर लेखनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातल्या फॉन्टची अक्षरे थोडी सडपातळ निघाली आणि ओळीत आठ-दहा अक्षरांची जागा वाढली. बाईंनी ती वाया घालवली नाही. 'न सांगता'च्या जागी 'परवानगीशिवाय' आले, 'वस्तू'च्या जागी 'संस्थेच्या मालकीची वस्तू' आली. वाक्य डाव्या रेघेपासून निघून उजव्या रेघेला नेमके टेकले की त्यांना शिवणीचा टाका सरळ बसल्यासारखे वाटे. त्याच सुमारास आणखी एक नियम आला: अहवाल गोपनीय समजावा, संबंधिताच्या हाती देऊ नये, मागणाऱ्या संस्थेला परस्पर ईमेलने फाइल पाठवावी. बाईंनी तोही पाळला. तेव्हापासून ज्याच्याविषयी अहवाल लिहिला जाई, त्या माणसाला तो दिसेनासा झाला.

आणि एके दिवशी सकाळी मावशी आल्या.

रुग्णालयात सगळ्याच सेविकांना मावशी म्हणत, परंतु नुसते 'मावशी' म्हटले की कपडेघरातल्या मावशी समजाव्यात, इतका त्यांचा आवाज इमारतीत ओळखीचा होता. चादरी, रुग्णांचे सदरे, शस्त्रक्रियागृहातले हिरवे झगे धुऊन आले की निवडायचे, विरलेले बाजूला काढायचे, उसवलेले शिवायचे, गठ्ठे बांधून वॉर्डांत धाडायचे, हे त्यांचे काम. ते काम बाहेरच्या एका धुलाई कंपनीकडे गेले, कपडेघराला कुलूप लागले आणि मावशींना निरोप मिळाला. त्यांचा अहवाल अर्थातच बाईंनी केला होता.

एरवी मावशी दारातूनच बोलायला सुरुवात करत. त्या दिवशी टेबलापाशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "बसू का, बाई?"

"विचारताय काय? बसा. कुठं लागलात की नाही अजून?"

"तेच विचारायला आले." मावशींनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "मी तुमचं काय घोडं मारलं होतं, तेवढं सांगा. मग जाते."

बाईंनी घडी उलगडली. कागद त्यांचाच होता. माथ्यावर रुग्णालयाचे चिन्ह, खाली फाइलमध्येच बसवलेली अधीक्षकांची सही, कोपऱ्यात स्वतः बाईंची आद्याक्षरे. मधल्या तक्त्यात छापले होते:

नेमून दिलेल्या दैनंदिन कामात कसूर केली
परवानगीशिवाय कामावर गैरहजर राहिल्या
रुग्णांशी व नातेवाइकांशी उद्धटपणे बोलल्या
संस्थेच्या मालकीची वस्तू परस्पर बाहेर नेली
त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची चौकशी झाली
नशा केली नाही

बाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग चष्मा काढून पुसला, आणि पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते हे लक्षात येऊनही पुसतच राहिल्या.

"निदान दारू पीत नाही एवढं तरी लिहिलंत," मावशी म्हणाल्या. "उपकार झाले."

"हे मी लिहिलेलं नाही."

"खाली अक्षरं कोणाची?"

"माझी. पण हे मी लिहिलेलं नाही, मावशी."

मावशींनी मग जे सांगितले ते थोडक्यात असे. कपडेघर सुटल्यापासून त्यांनी चार ठिकाणी उंबरे झिजवले. सगळीकडे आधी हसतमुखाने बोलत, 'अहवाल मागवतो' म्हणत, आणि मग कोणी फोन उचलत नसे. आता नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाचे कपडे सांभाळायला सेविका हवी होती. त्यांनी मावशींकडून चाचणीपुरते काम करून घेतले, ते पसंत पडले. आणि काल तिथल्या निवड अधिकाऱ्याने बोलावून हा कागद पुढे केला. "म्हणाला, तुमचं काम बघून वाटलं नव्हतं असं. आज चार वाजता बैठक आहे, काही सांगायचं असेल तर त्याआधी सांगा. मी काय सांगणार? मला वाचूनच घाम फुटला." "लेकीकडे राहते ना मी. जावई तोंडानं काही बोलत नाही, जेवायला बसलं की टीव्हीचा आवाज वाढवतो. ते चालायचं. पण काल रात्री लेकीनं हा कागद वाचला. वाचून म्हणाली, आई, काय आणलं होतंस तू तिथून?"

बाईंनी संगणकावर मावशींची फाइल शोधून उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. मावशींनी बोट लावून वाचायला घेतले. कसूर केली नाही. गैरहजर राहिल्या नाहीत. उद्धटपणे बोलल्या नाहीत. बाहेर नेली नाही. चौकशी झाली नाही. प्रत्येक 'नाही' उजव्या रेघेला टेकून जागच्या जागी होता.

"आत्ता घातलेत," मावशी म्हणाल्या.

"मी कळफलकाला हात तरी लावला का?"

"ते मला काय कळतंय? मशीन तुमच्या हातात, माझ्या हातात कागद."

आयुष्यभर बाईंनी कागदावर बोट ठेवून माणसांना गप्प केले होते. 'तुम्ही म्हणता, पण इथं तसं लिहिलेलं नाही', हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा शांतपणे उच्चारले होते. आज कागद मावशींच्या हाती होता आणि बाईंकडे उरला होता फक्त स्वतःचा शब्द. त्याची किंमत त्यांच्याच पद्धतीने मोजायची तर शून्य होती.

कोणीतरी मुद्दाम केले असावे, हा त्यांचा पहिला विचार. आपल्या जागेवर डोळा ठेवून बसलेला कोण, याची त्यांनी मनात उजळणी केली आणि दोन माणसांवर संशय घेऊनही टाकला. मग उठून म्हणाल्या, "चला. माझ्या दिरांच्या दुकानात जाऊ. तुमच्यासमोर उघडून बघू."

त्यांच्या धाकट्या दिरांचे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान रुग्णालयाच्या फाटकासमोरच होते. अरुंद दुकान, दोन जुने संगणक, कायम गरम असलेले यंत्र आणि त्याच्यावर वाळत टाकल्यासारखे पसरलेले लोकांचे दाखले.

"अरे वा, वहिनी!" दीर म्हणाले. "कामाच्या वेळेला दुकानात? दादाला सोडचिठ्ठी टाईप करायची असेल तर घरच्यांना फुकट."

"भाऊजी, थट्टा नंतर. माझ्या मेलमधून ही फाइल पाठवलेली आहे, ती तुमच्या मशीनवर उघडा."

दिरांनी उघडली. पान पडद्यावर आले. मावशी कागद हातात धरून उभ्या होत्या, त्यांना वाकून बघण्याची गरजच पडली नाही. बाईंच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळले. पडद्यावर तोच कागद होता. कसूर केली. गैरहजर राहिल्या. उद्धटपणे बोलल्या. बाहेर नेली.

"आत्ता तर होतं," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटांपूर्वी होतं."

"काय होतं?"

"नाही. 'नाही' होतं, भाऊजी. सगळीकडे."

दिरांनी पडद्याजवळ तोंड नेले, माउस हलवला आणि एका ओळीची खालची रेघ पकडून बोटभर खाली ओढली. ओळ रुंदावली. तिच्या पोटात, डावीकडच्या कोपऱ्यात, वाक्यापासून तुटून एकटाच पडलेला 'नाही' दिसू लागला. त्यांनी पुढची रेघ ओढली. तिथेही होता. तिच्या पुढच्या ओळीतही.

"इथंच आहे की," दीर म्हणाले. "खाली पडलाय नुसता."

ते सरळपणे समजावत गेले. बाईंच्या कार्यालयातले सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचे. त्याच्या फॉन्टची अक्षरे बारीक. दुकानातले जुने; त्याच्यापाशी तो फॉन्टच नाही, मग ते आपल्याजवळचा दुसरा लावून घेते, न सांगता, न विचारता. हा दुसरा अंगाने थोराड. वाक्य लांबते, रेघेला धडकते आणि शेवटचा शब्द खालच्या ओळीत उतरतो. "एरवी काही बिघडत नाही. ओळ आपोआप मोठी होते, शब्द दिसतो. पण ही ओळ कोणीतरी बांधून ठेवलीय. तिला मोठं व्हायला बंदी आहे. म्हणून शब्द आहे, पण झाकलेला. छापला तरी झाकलेलाच. कुणी बांधली?"

"मी," बाई म्हणाल्या.

"छान बांधलीत. कुणाच्या बापाला सुटायची नाही." बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळले आणि ते यंत्राकडे वळून कागद सारखे करू लागले.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना ज्या गोष्टीचा धक्का बसला ती केवळ यंत्राची नव्हती. बंद पडणारे, अक्षरांचे चौकोन करून दाखवणारे यंत्र त्यांना माहीत होते. त्या बिघाडाला काही लाज तरी असते, तो स्वतःला बिघाड म्हणवून घेतो. हा बिघाड शुद्ध मराठीत बोलत होता. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या अगदी टोकाला बसतो, आणि तो गळून पडला तरी मागे उरलेले वाक्य व्याकरणाने धडधाकट असते. तेवढेच नाही. बाईंनी माणसाबद्दल लिहून ठेवलेले सगळे होते काय, तर आरोपांची एक यादी आणि प्रत्येकाच्या शेपटाला बांधलेला एक नकार. तो निसटल्यावर कागदावर काय उरणार? आरोपच. आणि ज्या एका आखूड वाक्यातला 'नाही' वाचला होता, त्या 'नशा केली नाही'ने उरलेल्या साऱ्यांना विश्वासार्हता बहाल केली होती. लिहिणारी बाई किती तोलून लिहिते, असे वाचणाऱ्याला वाटले असणार.

मावशी इतका वेळ पडद्याकडे बघत होत्या. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "म्हणजे हे माझ्या एकटीचं नाही?"

बाईंनी मान हलवली. होकार होता तो.

अधीक्षकांच्या खोलीत दोघी गेल्या तेव्हा साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी कागद उजेडात धरला, हळहळले, मावशींना पाणी द्यायला सांगितले. मग म्हणाले, "लगेच दुरुस्त अहवाल पाठवा. मी सही करतो. अडचण नको यांना."

"आणि बाकीचे, साहेब?"

"कोण बाकीचे?"

"नवे संगणक आल्यापासून मी जेवढे पाठवले तेवढे. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती असेल त्या सगळ्यांनी..."

"बाई." साहेबांनी पेन खाली ठेवले. "आपली फाइल बरोबर आहे ना?"

"आपल्याकडे बरोबर दिसते."

"मग झालं. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर तो आपला दोष कसा? उद्या आपण होऊन कळवायला लागलो तर प्रत्येक जण उठून म्हणेल, माझी नोकरी तुमच्यामुळे गेली. तक्रार आली की बघू."

"त्यांना अहवाल दिसतच नाही, साहेब. तक्रार कशाची करतील?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. "चार वाजता बैठक आहे ना यांची? आधी ते करा."

बाई जागेवर आल्या आणि त्यांनी नदीपलीकडच्या रुग्णालयात फोन लावला. निवड अधिकाऱ्याचा आवाज तरुण आणि सभ्य होता. त्यांनी सारे ऐकले. ओळीच्या रेघेची गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागली. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या यंत्रावर रेघ ओढून पाहिली असावी, कारण पलीकडून माउसची टकटक ऐकू आली.

"आहे," ते शेवटी म्हणाले. "'नाही' आहे."

"तुम्ही एक फोन तरी करायचा होतात," बाई म्हणाल्या. "इतकं भयंकर लिहिलेलं कुणाबद्दल आलं तर माणूस विचारतो."

"का विचारणार, बाई? सही होती, चिन्ह होतं. आणि खरं सांगू का? तुमच्याकडून येतात ते सगळे असेच असतात. आमच्याकडे म्हणायचो आम्ही: बाकीची रुग्णालयं कौतुकाची फुलं उधळतात, ही एकच संस्था खरं लिहिते. तुमचा कागद आम्ही सगळ्यात आधी वाचायचो."

बाईंनी फोनची वायर बोटाला गुंडाळली होती. बोट पांढरे पडले तरी त्यांच्या लक्षात आले नाही. सगळे असेच. म्हणजे ज्या प्रामाणिकपणाच्या जोरावर त्या मान ताठ ठेवून जगल्या, त्याची ख्याती खरोखरच बाहेर पोहोचली होती, आणि तिनेच माणसे बुडवली होती. कमी विश्वासाच्या संस्थेकडून तो कागद गेला असता तर कोणीतरी शंका घेतली असती.

"चारच्या आत नवा अहवाल पाठवते," त्या म्हणाल्या. "फाइल हलणार नाही अशी. आणि फोनवर वाचूनही दाखवते. तुम्ही समोर ठेवून जुळवून घ्या."

पीडीएफ करून पाठवा, मग पान जसेच्या तसे जाते, असे दिरांनी सांगितले होते. ते सोपे होते. अवघड पुढेच होते. बाईंनी कोरे पान उघडले आणि 'नाही' न वापरता मावशींविषयी पहिले वाक्य लिहायला घेतले. 'नेमून दिलेले काम' एवढे लिहून हात थांबला. मावशींनी काय केले नाही, ते त्यांना तोंडपाठ होते. काय केले, हे त्यांना माहीत नव्हते. कपडेघर त्याच इमारतीत, जिन्याखाली होते. तिथे जायची वेळच कधी आली नव्हती. कारण तिथून कधी तक्रार आली नव्हती.

"मावशी," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही काय काय करायचात?"

"म्हणजे?"

"कामात. काय करायचात?"

मावशींनी त्यांच्याकडे असे पाहिले, की कालचा कागदही त्यांना इतका लागला नसावा. "इतकी वर्षं एका छपराखाली काढली आपण, बाई."

"हो."

"काय करायचे म्हणजे? कपड्यांचं करायचे." त्यांनाही पुढे सुचेना. कोणी कधी विचारलेले नव्हते आणि स्वतःचे काम शब्दांत मांडायची सवय त्यांना होती कुठे? त्यांनी पदराचे टोक दोन बोटांत चाचपले. मग म्हणाल्या, "विरलेला झगा शस्त्रक्रियेला जाऊ द्यायचे नाही."

"'नाही' नको."

"बरं. विरलेला झगा हाताला कळायचा, तो आधीच काढून ठेवायचे. नव्या पोरी यायच्या, त्यांना शिकवायचे. ओरडायचे पण शिकवायचे. ओरडायचे ते लिहू नका."

"लिहिते. खरं आहे ना?"

"मग असं लिहा, की राग आला तर बोलून मोकळ्या होतात, मनात ठेवत नाहीत."

"परत 'नाही'."

"अहो, मग कसं बोलायचं माणसानं?" मावशी म्हणाल्या, आणि त्या सबंध दिवसात पहिल्यांदा दोघींच्या तोंडावर हसू येऊन गेले.

एवढ्यावर बाईंचे भागेना. त्यांनी शस्त्रक्रियागृहाच्या परिचारिकेला फोन केला, लहान मुलांच्या वॉर्डात केला. मावशी होत्या तोवर गठ्ठे वेळेवर येत, मुलांच्या सदऱ्यांचे बंद त्या मऊ कापडाचे लावत, अशी वाक्ये मिळाली. विचारल्यावर मिळाली, एवढ्या सहज मिळाली. बाई ती लिहीत गेल्या. मतेच होती ती, पण आता प्रत्येक मतापुढे ते देणाऱ्याचे पद लिहिले. ओळीची उंची मोकळी सोडली. मजकूर दुसऱ्या पानावर सांडला, तसाच सांडू दिला. साहेबांनी सही करताना एवढेच विचारले, "इतकं मोठं?" आणि केली.

चारच्या आधी त्यांनी फोनवर सबंध अहवाल वाचून दाखवला. पलीकडचे अधिकारी समोरच्या पानावर डोळे ठेवून प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द आपल्या तोंडाने परत म्हणत होते. 'काढतात.' 'शिकवतात.' 'पोहोचवतात.' संपल्यावर ते म्हणाले, "हे दोन कागद एकाच बाईंविषयी आहेत, हे समितीला पटवायचं अवघड आहे. पण सांगतो."

मावशी बाकावर बसून राहिल्या. कार्यालयातल्या लोकांना एव्हाना कुणकुण लागली होती. त्या दिवशी चहाला कोणी नन्नाबाई म्हटले नाही. साडेपाचच्या सुमाराला फोन आला. जागा मावशींना मिळाली होती. मात्र आधीच्या अहवालाची नोंद झालेली असल्यामुळे सहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवावे आणि जाताना पिशवी तपासावी, असे समितीने ठरवले होते.

"पण तो अहवाल खोटा होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः रेघ ओढून पाहिलीत."

"मी पाहिली. समितीतल्या एका सभासदांचं म्हणणं पडलं, की काहीतरी असल्याशिवाय इतकं सगळं कागदावर येत नाही."

बाईंनी मावशींना हे जसेच्या तसे सांगितले. लपवण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. मावशींनी पिशवी मांडीवर घेतली, तिचे तोंड उघडून आत पाहिले, जणू त्यांनाच ती एकदा तपासायची होती.

"जाते कामाला," त्या म्हणाल्या. "तपासू दे. या नव्या कागदाची एक प्रत मला द्या. गोपनीय वगैरे सांगू नका. लेकीला दाखवायचीय."

बाईंनी प्रत काढून दिली. नियमात ते बसत नव्हते. दारापर्यंत जाऊन मावशी मागे वळल्या. "लिफ्टवाले मामा कुठं असतात हल्ली? ते पण नोकरी शोधत होते ना?"

लिफ्टवाल्या मामांचा नंबर जुन्या अर्जावर होता. लिफ्ट आपोआप चालणारी आली तेव्हा त्यांना काढले होते, आणि त्यांचा अहवाल बाईंनी नव्या संगणकावरून दोन-तीन ठिकाणी पाठवला होता. साहेबांच्या खोलीचा दिवा अजून चालू होता. बाईंनी फोन फिरवला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजली, मग एक बारीक आवाज आला. बाईंनी आपण कोण ते सांगितले.

मामा रागावले नाहीत. त्यांनी आधी साहेबांची, मग बाईंच्या घरच्यांची खुशाली विचारली. आता काही करत नाही, मुलाकडे असतो, म्हणाले. मग थोडे अडखळून, मोठ्या माणसाला विचारावे तशा अदबीने त्यांनी विचारले, "तुमचा फोन आलाच आहे तर एक विचारू का, बाई? तिकडं कोणी काही सांगत नव्हतं. इथं बसून मी खूप आठवून बघतो. माझ्या हातून नक्की काय झालं होतं?"

बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.